'सदैव कर्तव्यावर' : पोलिसांचे संख्याबळ, वेतन आणि जादा काम यांच्या परिभाषेची चिकित्सा

१

शासनव्यवहाराच्या परिभाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. शब्द संस्कृतातून घ्यावा की लोकव्यवहारात रुळलेला फारसी-इंग्रजी शब्द ठेवावा, हा पहिला प्रश्न. आणि घडवलेला शब्द सामान्य माणसाला कळेल काय, हा दुसरा. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली, १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून हा वाद थोड्याफार फरकाने चालूच आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्यापलीकडे एक तिसरा प्रश्न उरतो आणि त्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. परिभाषा ज्या वस्तूला नाव देते त्या वस्तूचा कोणता भाग ती उजेडात आणते आणि कोणता भाग झाकून ठेवते, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित शब्दसमूहापुरता घेतला आहे. पोलिसांची संख्या, त्यांचे वेतन आणि नेमून दिलेल्या वेळेबाहेर त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम, या तीन गोष्टींविषयी अधिनियम, अहवाल, वृत्तपत्रे आणि खुद्द पोलीस कर्मचारी जी भाषा वापरतात तिची ही चिकित्सा आहे. विषय प्रशासनशास्त्राचा आहे, भाषाविभागाचा त्याच्याशी काय संबंध, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर असे की, या क्षेत्रातील मूळ अडचणच निम्मी भाषिक आहे. एखाद्या गोष्टीला मोजता येईल असे नावच जर भाषेत नसेल, तर ती गोष्ट कागदावर येत नाही. आणि जी कागदावर येत नाही तिचा मोबदलाही कोणी देत नाही.

२

प्रथम कायद्याच्या शब्दांकडे वळू. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या २२ व्या कलमात असे म्हटले आहे की, त्या अधिनियमातील सर्व प्रयोजनांसाठी प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे समजले जाईल. मुंबई इलाख्यात १८९० चा जिल्हा पोलीस अधिनियम आणि १९०२ चा मुंबई शहर पोलीस अधिनियम असे स्वतंत्र कायदे होते. त्यांची जागा १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने घेतली. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या २८ व्या कलमाचा आशय असा : रजेवर नसलेला व निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस अधिकारी, या अधिनियमाच्या सर्व प्रयोजनांसाठी, सदैव कर्तव्यावर असल्याचे मानण्यात येईल, आणि त्याला राज्याच्या कोणत्याही भागात कामास लावता येईल.

या वाक्याचे अर्थदृष्ट्या तीन घटक पडतात. पहिला घटक 'मानण्यात येईल' हे क्रियापद. मराठीत आपण 'मानलेला भाऊ' म्हणतो तेव्हा तो जन्माने भाऊ नाही याची कबुली त्या विशेषणातच असते. कायद्यातील 'मानणे'ही याच जातीचे आहे. जी गोष्ट वस्तुतः तशी नाही ती विशिष्ट हेतूपुरती तशी धरून चालायची, असा हा संकेत आहे. मनुष्य सदैव कर्तव्यावर असू शकत नाही हे कायदा करणाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणूनच त्याने 'असेल' असे न म्हणता 'मानण्यात येईल' असे म्हटले. दुसरा घटक 'या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी' ही मर्यादा. गणवेश उतरवून बाजारात निघालेल्या शिपायासमोर चोरी झाली तर 'माझी पाळी संपली' असे म्हणून त्याला तोंड फिरवता येऊ नये, आणि त्या वेळी त्याने केलेली अटक अधिकाराबाहेरची ठरू नये, हे ते प्रयोजन. म्हणजे जे सदैव जागे राहायचे आहे ते अधिकार आणि उत्तरदायित्व होय. माणसाचे शरीर सदैव उभे राहिले पाहिजे असा अर्थ या शब्दांतून निघत नाही. तिसरा घटक 'रजेवर नसलेला' हे विशेषण. त्याचा विचार पुढे येईल.

व्यवहारात काय झाले? वाक्याचा मधला भाग गळाला. 'मानण्यात येईल' गेले, 'या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी' गेले, आणि उरले ते नुसते 'पोलीस सदैव कर्तव्यावर असतो' हे विधान. भाषेत असा संक्षेप नित्य होतो आणि बहुधा तो निरुपद्रवी असतो. येथे मात्र त्याने एक कल्पित गृहीतक वस्तुस्थितीच्या जागी आणून बसवले. एकदा मनुष्य चोवीस तास कर्तव्यावर आहे असे ठरले की 'जादा काम' या शब्दाला अर्थच राहत नाही. कारण 'जादा' हे विशेषण एखाद्या मर्यादेच्या अपेक्षेनेच संभवते. ज्याला काठ नाही त्याला ओसंडणे नाही. पोलिसांच्या जादा कामाचा प्रश्न अशा रीतीने सुटला नाही आणि नाकारलाही गेला नाही. तो भाषेतून उच्चारण्याजोगाच ठेवला गेला नाही.

३

आता संख्येची भाषा पाहू. केंद्रीय पोलीस संशोधन व विकास ब्यूरो १९७० साली स्थापन झाला आणि त्याच्यातर्फे देशातील पोलीस दलांची आकडेवारी प्रसिद्ध होत असते. १ जानेवारी २०२० रोजीची स्थिती तिच्यात अशी नोंदली आहे : मंजूर संख्या २६,२३,२२५, प्रत्यक्ष संख्या २०,९१,४८८, रिक्त पदे ५,३१,७३७. म्हणजे मंजूर पदांपैकी सुमारे एक पंचमांश रिक्त. दर लाख लोकसंख्येमागे मंजूर प्रमाण १९५.३९ आणि प्रत्यक्ष प्रमाण १५५.७८.

या आकड्यांच्या अचूकपणाविषयी येथे काही म्हणायचे नाही. प्रश्न आहे तो 'मंजूर', 'रिक्त' आणि 'पद' या तीन शब्दांचा. 'रिक्त' म्हणजे रिकामे. भांडे रिकामे असले की त्यात काही नसते. पण पोलीस ठाण्यातील पद रिकामे असले तरी त्या पदाचे काम रिकामे राहत नाही. रात्रीची गस्त, न्यायालयात आरोपी नेणे, कोठडीवरील पहारा, समन्स बजावणे ही कामे उरलेल्या माणसांवर वाटली जातात. जे रिकामे असते ते वेतनपत्रकातील एक ओळ. जे भरलेले असते ते शेजारच्या माणसाचे घड्याळ. 'रिक्त पद' हा शब्दप्रयोग पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी गाळतो. तिजोरीच्या बाजूने पाहता तो यथार्थ आहे. श्रमाच्या बाजूने पाहता तो विपर्यस्त आहे.

'पद' शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. मंजुरीच्या कागदावर एक पद म्हणजे एक मनुष्य. रस्त्यावर मात्र पहाऱ्याची एक जागा, ज्याला पोलीस 'पॉइंट' म्हणतात, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करावयाचे धरले तर ती एक जागा अखंड सांभाळण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा, आजार, प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षी हे सर्व धरले तर याहूनही अधिक. परंतु बारा बारा तासांच्या दोन पाळ्या आणि सुट्टी नाही, असा हिशेब केला की तेच काम दोन माणसांत भागते. म्हणजे संख्याबळाचा कोणताही आकडा हा वस्तुतः तासांविषयीचे एक न बोललेले विधान असतो. 'इतकी पदे पुरेशी आहेत' या वाक्यात 'दिवसाला किती तास धरून?' हा प्रश्न दडलेला असतो, आणि मंजुरीची भाषा तो विचारीत नाही.

हा प्रश्न स्पष्टपणे विचारणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपरोक्त ब्यूरोसाठी हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने तो केला होता. पोलीस ठाण्यांत आठ तासांच्या पाळ्या लावावयाच्या तर किती मनुष्यबळ लागेल, हा त्याचा विषय. ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काम करतात आणि ७३ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे त्यात आढळले. निष्कर्ष असा की ठाण्यांतील मंजूर संख्येच्या १.६८ पट माणसे हवीत. हा निष्कर्ष नमुन्यादाखल एका ठाण्याला लावून पाहा. मंजूर पदे ६०. पैकी पाचवा हिस्सा रिक्त, म्हणून प्रत्यक्षात ४८. प्रचलित भाषेत तुटवडा १२ माणसांचा. आठ तासांच्या हिशेबाने गरज सुमारे १०१ माणसांची, म्हणजे तुटवडा ५३ माणसांचा. ४१ माणसांचे हे अंतर कोणत्याही तक्त्यात 'रिक्त' म्हणून दिसत नाही, कारण ती पदे मुळात मंजूरच नाहीत. सर्व रिक्त जागा उद्या भरल्या तरी ते अंतर जसेच्या तसे राहील.

याच संदर्भात 'मानक' या शब्दाचाही निर्देश करावा लागतो. दर लाख लोकसंख्येमागे २२२ पोलीस हे संयुक्त राष्ट्रांचे मानक आहे, असे विधान भाषणांत आणि अग्रलेखांत वारंवार केले जाते. संयुक्त राष्ट्रांनी सर्व देशांना बंधनकारक असे मानक घालून दिलेले नाही. त्यांच्या गुन्हेविषयक पाहण्यांत निरनिराळ्या देशांतील प्रमाणे संकलित केलेली असतात. २००६ सालच्या माहितीनुसार त्यांचा मध्यक दर लाखामागे सुमारे ३०० इतका होता. मध्यक हे वर्णन आहे, मानक ही आज्ञा आहे. 'इतके आहेत' या वाक्याचे 'इतके असावेत' असे रूपांतर व्याकरणात एका प्रत्ययाने होते, पण विचारात त्यासाठी स्वतंत्र युक्तिवाद लागतो. शिवाय लोकसंख्येशी काढलेले प्रमाण एका पोलिसाला किती नागरिक येतात एवढेच सांगते. एका पोलिसाला किती तास येतात हे ते सांगू शकत नाही.

४

अधिनियम आणि तक्ते यांच्या भाषेकडून आता चालत्या बोलीकडे येऊ. वृत्तपत्रांतील सर्वांत परिचित शब्द 'बंदोबस्त'. मूळ फारसी शब्दाचा अर्थ बांधणे-आवळणे, व्यवस्था लावणे. मराठीत तो 'व्यवस्था' या अर्थाने रुळला आणि पुढे पोलिसी नेमणुकीला चिकटला. गणेशविसर्जन असो, आषाढी वारी असो, ६ डिसेंबरची चैत्यभूमी असो वा निवडणूक असो, 'कडक बंदोबस्त ठेवण्यात आला' हे वाक्य ठरलेले. या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. 'ठेवण्यात आला' हा कर्तृलोपी प्रयोग आहे. कोणी ठेवला ते नाही. 'बंदोबस्त' हे एकवचनी भाववाचक नाम आहे. त्यात किती माणसे आहेत ते नाही. आणि कालवाचक शब्द बहुधा नसतोच. किती वेळ उभी होती ते नाही. त्यानंतर 'बंदोबस्तात वाढ करण्यात आली' असे येते. वाढले काय? दलाची संख्या त्या आठवड्यात वाढलेली नसते. वाढलेले असतात ते त्याच माणसांचे तास, किंवा एका ठाण्यातून उणे करून दुसरीकडे नेलेली माणसे. ही रक्कम-फिरवाफिरव 'वाढ' या शब्दाखाली खपून जाते.

याच्या उलट, कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या बोलण्यात एक विलक्षण नेमकेपणा आढळतो. 'मला ड्यूटी लागली' असे पोलीस म्हणतो. मराठीत 'लागणे' हे क्रियापद चतुर्थीतील अनुभविता घेऊन येते तेव्हा ते बहुधा इच्छेबाहेरच्या गोष्टी सांगते : तहान लागली, ऊन लागले, ठेच लागली. 'ड्यूटी लागली' हा प्रयोग त्याच पंक्तीतला आहे. 'मी काम करतो' यात कर्ता प्रथमेत उभा असतो. 'मला ड्यूटी लागली' यात तो कर्ता राहत नाही, ज्याच्यावर काहीतरी येऊन पडते असा अनुभविता होतो. आणि ती संपते तेव्हा 'ड्यूटी सुटली' असे म्हटले जाते. गाठ सुटते, कोंडलेले गुरू सुटते, तशी ड्यूटी सुटते. 'कर्तव्य' या संस्कृत शब्दात करणाऱ्याच्या मनातील नैतिक निश्चय अभिप्रेत आहे. 'ड्यूटी लागणे'मध्ये त्याचा मागमूसही नाही. एकाच गोष्टीची ही दोन नावे दोन बाजूंनी पाहिलेली आहेत, आणि दुसरी बाजू अनुभवाला अधिक जवळची आहे.

'रजा' आणि 'सुट्टी' हा भेदही असाच अर्थपूर्ण आहे. 'रजा' हा मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ संमती, खुशी. रजा घेणे म्हणजे वरिष्ठाची संमती घेणे. 'सुट्टी' हे नाम 'सुटणे' या क्रियेशी निगडित. तिच्यात संमतीचा प्रश्न नाही, वेळ आली की मनुष्य आपोआप मोकळा होतो. साप्ताहिक विश्रांतीला आपण 'सुट्टी' म्हणतो ते यथार्थच आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या २८ व्या कलमातील अपवाद 'रजेवर नसलेला' असा आहे, आणि साप्ताहिक सुट्टी हा रजानियमांतील रजेचा प्रकार नव्हे. परिणामी, सुट्टीच्या दिवशी घरी असलेला पोलीस कायद्याच्या शब्दांनुसार कर्तव्यावरच असतो. त्याला बोलावून घेतले तर काही हिरावून घेतले असे शब्दशः होत नाही. घरातल्या मुलांना दिलेला शब्द मोडतो, एवढेच. पण त्या मोडण्याला कायद्यात नाव नाही.

५

आता वेतनाकडे वळू. येथेही शब्दांच्या घराण्यांत काही सूचक भेद आहेत. 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. त्यात चुकते करण्याची, देणे फेडण्याची कल्पना आहे. 'वेतन' संस्कृत आहे आणि अर्थशास्त्रापासून ते कामाच्या मोबदल्यासाठी वापरले गेले आहे. 'भत्ता' या शब्दाचे नाते 'भक्त', म्हणजे अन्न, शिजवलेला भात, या संस्कृत शब्दाशी जोडले जाते. घराबाहेर कामावर गेलेल्याला पोटापुरते द्यावयाचे ते. वेतन हे कामाचे मोल, भत्ता ही गरजेची सोय. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास ही मर्यादा घातली आणि तिच्यापुढील कामासाठी दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद केली, तेव्हा ती वेतनाच्या भाषेत होती. शासकीय परिभाषेत मात्र शब्द 'अतिकालिक भत्ता' असा आहे. जादा काम हे मोल देण्याजोगे काम न राहता सोय लावण्याजोगी अडचण होते. भत्त्याची रक्कम ठरवताना कोणी तासाचा दर विचारीत नाही.

पोलीस या चौकटीतही येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने 'कामगार' या शब्दाची व्याख्या केली तिच्यातून पोलीस सेवेतील व्यक्तींना नावानिशी वगळले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो अपवाद कायम ठेवला आहे. व्याख्येतून वगळणे हा कायद्याचा अधिकार आहे. परंतु 'या कायद्यापुरता तो कामगार नाही' आणि 'तो काम करीत नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. पुन्हा तेच घडले आहे : मर्यादित प्रयोजनासाठी केलेली व्याख्या सर्वसामान्य सत्य म्हणून वापरली गेली.

वेतनाच्या प्रश्नात 'शिपाई' या शब्दाचीही भूमिका आहे. फारसी 'सिपाही'पासून आलेला हा शब्द मराठीत दोन ठिकाणी वापरला जातो : पोलीस ठाण्यात आणि कचेरीच्या दाराशी. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाची दृष्टी अशीच होती. पहारा, गस्त, सोबत अशी यांत्रिक स्वरूपाची कामे शिपायाची आणि विवेकाची कामे वरिष्ठांची. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात या दृष्टीला छेद दिला. शिपायाचे काम हे कुशल कामगाराच्या तोडीचे मानून त्याचे वेतन ठरवावे, कामाचे तास कमी करावेत आणि साप्ताहिक सुट्टी बुडाली तर तिची भरपाई द्यावी, असा त्याचा रोख होता. पंजाब आणि बिहार यांसारख्या राज्यांत पोलिसांना वर्षाला एका महिन्याचे जादा वेतन दिले जाते ते या विचाराच्या दिशेनेच होय.

कागदावरील श्रेणीत शिपाई आज तळाशी नाही, हे मान्य केले पाहिजे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात पोलीस शिपायाचे प्रारंभीचे मूळ वेतन २१,७०० रुपये आणि कार्यालयीन शिपायाच्या पायरीचे १८,००० रुपये होते. मासिक वेतनाच्या भाषेत पहिला पुढे आहे. आता हीच रक्कम तासांच्या भाषेत मांडू, भत्ते बाजूस ठेवू. दिवसाला ८ तास, महिन्याला २६ दिवस, असे २०८ तास धरले तर पोलीस शिपायाला ताशी सुमारे १०४ रुपये आणि कार्यालयीन शिपायाला सुमारे ८७ रुपये पडतात. परंतु 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' यांच्या २०१९ च्या पाहणीत पोलिसांचा सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा आढळला होता. सुट्टीविना ३० दिवस असे काम झाले तर महिन्याचे ४२० तास होतात आणि ताशी दर सुमारे ५२ रुपयांवर येतो. दिवस ११ तासांचा धरला तरी तो सुमारे ६६ रुपये, म्हणजे कार्यालयीन शिपायाच्या दरापेक्षा कमीच. मासिक वेतनाच्या एककात जो पुढे दिसतो तो ताशी एककात मागे पडतो. एकक बदलले की निष्कर्ष उलटतो. म्हणूनच एकक कोणते वापरायचे हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप : पोलिसी काम घड्याळाने बांधता येत नाही. दंगल पाच वाजता थांबत नाही. हे खरे आहे. पण रेल्वे तरी कोठे पाच वाजता थांबते? १९८९ च्या रेल्वे अधिनियमात कामाच्या स्वरूपानुसार सतत, तीव्र आणि मुख्यतः अधूनमधून चालणारे असे वर्ग पाडले आहेत आणि त्यांच्यासाठी आठवड्याची मर्यादा अनुक्रमे ५४, ४५ आणि ७५ तास अशी घातली आहे. अनियमित कामाला मोजमाप नसते असे नाही. त्याला वेगवेगळी नावे द्यावी लागतात, मग मोजमाप होते. पोलिसाच्या कामातही तपास, गस्त, पहारा, राखीव म्हणून थांबणे यांची तीव्रता सारखी नाही. पण 'ड्यूटी' या एकाच शब्दात सर्व कोंबल्यामुळे विभागणी करताच येत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. पोलीस हे शिस्तबद्ध दल आहे. तेथे कामगारांची भाषा शिरली की संघटना आणि संप यांची भाषाही शिरेल. या भीतीला इतिहासाचा आधार आहे. १९६६ च्या अधिनियमाने पोलिसांच्या संघटनस्वातंत्र्यावर निर्बंध घातले. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले, सैन्य बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. त्या घटनेला 'संप' म्हणावे की 'बंड' याविषयी तेव्हापासून दोन मते आहेत, आणि शब्दाच्या निवडीबरोबर निवाडाही ठरून जातो. तथापि शिस्त आणि जादा कामाचे वेतन यांचे वैर अपरिहार्य नाही. इंग्लंडमध्ये १९१८ व १९१९ साली पोलिसांचे संप झाले. १९१९ च्या कायद्याने त्यांना कामगारसंघात जाण्यास बंदी केली. पण त्याच कायद्याने त्यांचे गाऱ्हाणे मांडणारा 'पोलीस फेडरेशन' हा मान्यताप्राप्त मार्गही निर्माण केला. तेथील शिपाई कायद्याने नोकर मानला जात नाही, तो पदाधिकारी असतो. त्याला संपाचा हक्कही नाही. तरीही नियमांनुसार जादा तासांना सव्वापटीहून अधिक, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश दराने मोबदला मिळतो. 'कामगार नाही, म्हणून जादा कामही नाही' ही अनुमानाची साखळी तेथे तुटलेली आहे. ती आपल्याकडे अतूट मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातही मर्यादेची भाषा बोलण्याचा प्रयत्न झालेला आहे. २०१६ साली दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना, एका शिपायाने सुचवलेल्या योजनेनुसार देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला आणि पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आला. २०२२ च्या आरंभी महिला पोलिसांसाठी राज्यभर आठ तासांच्या कर्तव्याचा आदेश निघाला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. दोष दाखवायचा तर एवढाच की, अशा निर्णयांचे वर्णन 'दिलासा' आणि 'सवलत' या शब्दांत होते. सवलत दिली जाते आणि काढूनही घेतली जाते. मर्यादा असते ती असतेच. महिलांना आठ तास ही सवलत असेल, तर पुरुषांचे बारा तास हा नियम ठरतो, आणि मूळ प्रश्न होता तेथेच राहतो. शिवाय पुरेशी माणसे नसताना आठ तासांची घोषणा केली तर कमी झालेले तास कोणाच्या तरी खात्यावर चढणारच. आणि तसे ते चढल्याची नोंद ठेवणारा रकाना नाही.

तात्पर्य, भाषेच्या बाजूने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक : संख्याबळाच्या तक्त्यात 'मंजूर' आणि 'प्रत्यक्ष' यांच्या शेजारी 'आठ तासांच्या पाळीनुसार आवश्यक' असा तिसरा रकाना असावा, म्हणजे 'रिक्त' या शब्दाला त्याचा खरा अर्थ मिळेल. दोन : 'कर्तव्य' हा शब्द अधिकार व उत्तरदायित्व यांसाठी राखून ठेवून, प्रत्यक्ष हजर राहून केलेल्या कामासाठी 'कामाचे तास' हा साधा शब्द हजेरीच्या नोंदीत आणावा, पहिला सदैव असू शकतो, दुसरा मोजला गेलाच पाहिजे. तीन : 'अतिकालिक भत्ता' याऐवजी 'जादा कामाचे वेतन' म्हणावे, कारण लोक तेच म्हणतात आणि त्यात मोलाची कल्पना टिकून राहते.

शब्द बदलल्याने पाळ्या बदलतात असा भाबडा समज बाळगण्याचे कारण नाही. पैसा लागेल, भरती लागेल, इच्छाशक्ती लागेल. परंतु अर्थसंकल्पात जी मागणी मांडायची तिला आधी वाक्यात बसवावे लागते. चौदा तास उभा राहिलेला मनुष्य रात्री रागाने बोलला, तपासात चुकला, निष्काळजी ठरला, की त्याच्या वर्तनाला आपल्या भाषेत पुष्कळ नावे आहेत आणि ती आपण सढळ हाताने वापरतो. त्या चौदा तासांनाही एक नाव असले पाहिजे. ते नाव कागदावर यावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.